लिंगभाव, पर्यावरणीय आरोग्य आणि विद्यार्थी : कळंबा-कोल्हापूर परिसराच्या निमित्ताने एक आढावा

चुलीचा धूर, तळ्याचे पाणी, शेतातली औषधफवारणी, कारखान्यातली धूळ आणि घराबाहेर पडणारा कचरा यांचा माणसाच्या प्रकृतीवर जो परिणाम होतो, त्याचा अभ्यास पर्यावरणीय आरोग्य या विषयात येतो. हा परिणाम सगळ्यांवर सारखा होत नाही. धूर स्वयंपाकघरात सर्वाधिक कोंडतो आणि तिथे सर्वाधिक वेळ बाई असते. गुऱ्हाळाच्या चुलवाणाची धग आणि ओतकामाची धूळ बहुतेक पुरुषांच्या वाट्याला येते. कोणाच्या शरीरात किती विष जाते हे कामाच्या वाटणीवर ठरते आणि कामाची वाटणी बव्हंशी स्त्री-पुरुष भेदावर. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. धूर, सांडपाणी, जंतुनाशके आणि पाण्याचे ओझे यांच्याशी येणारा संबंधही असाच विषम असतो.

शाळा-महाविद्यालयांतले विद्यार्थी या विषयाकडे दोन वाटांनी येतात. एक वाट प्रकल्प, पाहणी आणि प्रबंधाची, तर दुसरी चित्र, रांगोळी, पथनाट्य, माहितीपट आणि चित्रकथेची. दोन्ही वाटा वेगवेगळ्या विभागांत चालतात आणि त्यांची गाठ क्वचितच पडते. प्रत्यक्षात पहिलीला दुसरीची गरज आहे आणि दुसरीला पहिलीची.

कळंबा : अभ्यासाचे क्षेत्र

कळंबा हे करवीर तालुक्यातले गाव कोल्हापूर शहराच्या दक्षिणेला, गारगोटी रस्त्यावर आहे. मध्यवर्ती कारागृहामुळे त्याचे नाव राज्यभर माहीत आहे. पर्यावरणाच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचा आहे तो कळंबा तलाव. एकोणिसाव्या शतकात, संस्थानकाळात बांधलेल्या या तलावात कात्यायनीच्या डोंगराकडून येणारे पाणी साठते. शहराच्या काही भागाला आणि गावाला त्याने दीर्घकाळ पिण्याचे पाणी पुरवले. याच बाजूने येणारा जयंती नाला शहरातून वाहत, वाटेत सांडपाणी घेत पंचगंगेला मिळतो. डोंगर, तलाव, नाला आणि नदी ही साखळी काही किलोमीटरच्या अंतरात पाहता येते.

गाव आता अर्धे शहर झाले आहे. अपार्टमेंटच्या मागे ऊस आणि गोठ्याशेजारी दुकान, असे चित्र शहराच्या या कडेला नवे नाही. एकाच गल्लीत पाइपचे पाणी, बोअरवेल आणि टँकर, तसेच गॅस, चूल आणि बंब शेजारी-शेजारी आढळतात. तुलनात्मक पाहणीला लागणारी विविधता त्यामुळे पायी फिरण्याच्या टप्प्यात येते. शिवाजी विद्यापीठ (स्थापना १९६२) आणि त्याचा पर्यावरणशास्त्र विभाग, शहरातली वैद्यकीय, समाजकार्य आणि कला महाविद्यालये हे सारे जवळच आहे.

पूर्वपीठिका

विद्यार्थिनीने स्त्रियांच्या आरोग्यावर संशोधन करण्याची मराठी परंपरा एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जाते, आणि तिचा एक धागा कोल्हापुरातून जातो. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात पदवीसाठी सादर केलेला प्रबंध हिंदू समाजातल्या प्रसूतिशास्त्रावर होता. परदेशी महाविद्यालयात शिकत असतानाही त्यांनी विषय निवडला तो आपल्याकडच्या बाळंतिणीचा. पदवीनंतर त्यांची नेमणूक कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, स्त्री विभागाच्या प्रमुख म्हणून झाली होती. काम सुरू करण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. पुढे या रुग्णालयात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी काम केले.

त्याच काळात अमेरिकेत एलन स्वालो रिचर्ड्स आरोग्याचे काम पाण्याच्या बाजूने करत होत्या. मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत १८७० मध्ये प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्या विद्यार्थिनी. तिथेच शिक्षिका झाल्यावर त्यांच्या प्रयोगशाळेने १८८७ पासून मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पाण्याचे हजारो नमुने तपासले. घर, स्वयंपाकघर आणि पाणी हे प्रयोगशाळेत आणण्याजोगे विषय आहेत, हे त्यांनी दाखवून दिले.

महाराष्ट्रात कमला सोहोनी यांनी हेच आहाराच्या बाबतीत केले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मिळवताना त्यांना सी. व्ही. रामन यांच्या अटी मान्य कराव्या लागल्या होत्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन नीरा आणि गरिबांच्या आहारातल्या इतर पदार्थांचा अभ्यास केला. गरोदर स्त्रिया आणि कुपोषित मुले यांच्यासाठी नीरेचा उपयोग हा त्या संशोधनाचा एक निष्कर्ष होता.

या क्षेत्राचा पाया खऱ्या अर्थाने बदलला तो गडचिरोलीत. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. दवाखान्याच्या नोंदवहीवरून आजार मोजला तर बाईचा आजार दिसतच नाही, हा या अभ्यासाचा धडा. दारोदार जाणाऱ्या विद्यार्थी पाहणीचे महत्त्व त्यातूनच ठरते.

वैचारिक बाजूने १९८० नंतर दोन भूमिका पुढे आल्या. वंदना शिवा यांनी स्त्री आणि निसर्ग यांच्यातल्या जवळिकीवर भर दिला. बीना अगरवाल यांनी १९९२ मधल्या निबंधात तो अपुरा ठरवला. त्यांच्या मते स्त्रीचे निसर्गाशी नाते ठरते ते जमीन, जळण, पाणी आणि श्रम यांच्या वाटणीवरून. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी दुसरी भूमिका अधिक कामाची आहे, कारण वाटणी मोजता येते.

अभ्यासक्रम आणि स्पर्धा

आजचे बहुतेक विद्यार्थी संशोधन अभ्यासक्रमाच्या चौकटीत होते. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे आदेश दिले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी समान अभ्यासक्रम आणला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेचे डॉ. इराच भरुचा यांनी लिहिले. ते व्यवसायाने शल्यचिकित्सक होते. या अभ्यासक्रमाच्या लोकसंख्येवरील घटकात ‘पर्यावरण आणि मानवी आरोग्य’ आणि ‘महिला व बालकल्याण’ हे मुद्दे शेजारी-शेजारी येत. १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्याला होते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही त्यामुळे एकदा तरी नदी, तलाव किंवा कचरा डेपोवर जाऊन अहवाल लिहावा लागे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्रप्रकल्प आणि समाजसंपर्क यांना स्वतंत्र श्रेयांकही मिळाले.

शालेय पातळीवर राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून भरते. दहा ते सतरा वयोगटातल्या मुलांनी गटाने, आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन प्रकल्प करावा ही तिची अट. २०२२-२३ चा विषय परिसंस्था, आरोग्य आणि स्वास्थ्य यांच्याशी संबंधित होता. मुंबईची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा कृतिसंशोधन मागते, तर ‘आविष्कार’ हे राज्यातल्या विद्यापीठांचे संशोधन संमेलन आहे. या सगळ्यांमुळे प्रकल्पांची संख्या वाढली. मात्र ‘पर्यावरण’ आणि ‘स्त्रिया’ हे दोन वेगळे रकाने म्हणून हाताळण्याची सवयही अभ्यासक्रमाच्या मांडणीतूनच लागली.

चूल आणि धूर

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने, २०२० मध्ये घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५८.६ टक्के कुटुंबांकडे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन होते. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाल्यावर गॅसजोडण्या झपाट्याने वाढल्या. तरी जोडणी आणि वापर यांत अंतर राहते. सिलिंडर संपला की चूल पेटते. भाकरी चुलीवरचीच बरी लागते. आंघोळीचे पाणी परसातल्या चुलीवर किंवा बंबात तापते. ‘घरात गॅस आहे का?’ हा प्रश्न म्हणूनच निरुपयोगी ठरतो. काल चहा, भात, भाकरी आणि आंघोळीचे पाणी कशावर झाले, असे कामाकामाने विचारले की खरे चित्र बाहेर येते.

मोजणी कुठे करायची हा दुसरा प्रश्न. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ आणि सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत धुराची मोजणी केली ती स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर नमुना घेणारे छोटे यंत्र लावून. विद्यार्थ्यांकडे आज स्वस्त संवेदक असतात. ते खुंटीला टांगले तर खोलीची हवा मोजली जाते, श्वासात जाणारी नव्हे. भाकरी थापताना बाई पाटावर किंवा दोन पायांवर बसते, तोंड तव्याच्या दिशेने, चुलीपासून हातभर अंतरावर. शेणी ओली असली की फुंकणी घेऊन ती आणखी वाकते, आणि नेमक्या त्या क्षणी धुराचा लोट सर्वाधिक असतो. संवेदक त्या उंचीवर आणि त्या अंतरावर ठेवला तरच आकड्याला अर्थ येतो. भारतीय मानकानुसार सूक्ष्म धूलिकणांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. चुलीजवळची पातळी स्वयंपाकाच्या वेळी याच्या कितीतरी पट जाते, म्हणून दिवसाच्या सरासरीबरोबर त्या तासाभराचा आलेखही द्यावा लागतो.

पुण्यात या विषयावर दोन अंगांनी काम झाले. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने सुधारित चुली घडवल्या आणि पसरवल्या. डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखाने धूम्रपान न करणाऱ्यांतल्या दीर्घकालीन श्वसनरोगाकडे लक्ष वेधले. विडी-सिगारेट कधीच न ओढलेल्या बाईला हा आजार होऊ शकतो हे दवाखान्यात गृहीत धरले जात नव्हते, त्यामुळे निदानही उशिरा होई.

पाणी, कावीळ आणि पूर

कोल्हापुरात पाण्याचा प्रश्न म्हणजे मुख्यतः पंचगंगेचा प्रश्न. शहराचे सांडपाणी, कारखान्यांचे पाणी आणि शेतातून येणारी खते-औषधे यांचा भार घेऊन नदी पुढे इचलकरंजीकडे जाते. इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची मोठी साथ आली. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीत हेपॅटायटिस ई हा विषाणू महत्त्वाचा आहे. निरोगी माणसाला तो बहुधा काही आठवड्यांत सोडतो. शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला झाल्यास मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. एकच नळ, एकच विषाणू आणि धोक्यात इतका फरक. लिंगभाव आणि पर्यावरणीय आरोग्य यांचा संबंध दाखवणारे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागत नाही. तरी पाण्यावरच्या विद्यार्थी प्रकल्पांत गरोदर स्त्रियांचा वेगळा विचार फारसा होत नाही.

तपासण्यांबाबतही सावध राहावे लागते. विद्यार्थ्यांच्या हातात सर्वात आधी येते ते विद्राव्य क्षार मोजणारे पेनासारखे यंत्र. भारतीय मानकानुसार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे क्षार स्वीकारार्ह आहेत, पण या आकड्यावरून पाण्यात मैला मिसळला आहे की नाही हे कळत नाही. त्यासाठी हायड्रोजन सल्फाइडच्या पट्टीची बाटली मिळते. १९८२ मध्ये भारतीय संशोधकांनी मांडलेली ही चाचणी साध्या खोलीत करता येते. खुणेपर्यंत पाणी भरायचे, बाटली बंद करून एक-दोन दिवस ठेवायची. पाणी काळे पडले तर मैल्यातून आलेल्या जंतूंचा संशय घ्यायचा. काळी बाटली पाहणाऱ्याला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही, म्हणून ती प्रयोगाचे साधन आणि प्रदर्शनाची वस्तू अशी दोन्ही कामे करते. संशय आलेला नमुना मात्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासूनच निष्कर्ष काढायचा असतो.

पाणी भरण्याचे श्रम हा या विषयाचा दुसरा भाग. पाणी किती वाजता येते, कोण उठते, घागर किती लिटरची, किती खेपा आणि किती पायऱ्या, हे मोजायला वजनकाटा आणि घड्याळ पुरते. टँकरच्या दिवशी मुलीची शाळा बुडते का, हे हजेरीपत्रकाशी ताडून पाहता येते.

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी यात आणखी एक पदर जोडला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे आकडे कोल्हापुरात लहान मुलालाही पाठ असतात. निवारा केंद्रात शौचालये किती, त्यांना आतून कडी आहे का, उजेड आहे का, पाळीच्या कापडाची सोय काय, बाळंतीण कुठे झोपली, या बाबी मात्र त्या फुटांच्या हिशेबात येत नाहीत. समाजकार्य आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी मदतकार्यासाठी अशा केंद्रांवर असतातच. मदतीबरोबर नोंद ठेवण्याची शिस्त लागली, तर पुढच्या पुराच्या तयारीला आधार मिळेल.

ऊस, वखार, माग आणि घरातले कारखाने

कोल्हापूरच्या साखर पट्ट्यात दर हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांनी मिळून फेडायची. पहाटे फडावर जायचे, उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहनापर्यंत न्यायच्या आणि परतल्यावर कोपीवर चूल पेटवायची. शौचालय नाही, पाणी दूर आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यात राज्य सरकारच्या समितीने २०१९ मध्ये पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. समितीच्या अध्यक्ष डॉ. नीलम गोऱ्हे होत्या. उन्हातले श्रम, अस्वच्छता, पांढरे पाणी जाण्याचा त्रास, खासगी दवाखान्याचा सल्ला आणि खाड्याची भीती या साखळीच्या शेवटी ती शस्त्रक्रिया होते. पर्यावरण, श्रम आणि वैद्यक यांपैकी एकच कडी धरणारा अभ्यास अपुरा पडतो. टोळ्या आपल्या शिवारात चार-पाच महिने असतात, म्हणून इथल्या विद्यार्थ्यांना त्यांचे कामाचे ठिकाण दिसते. बीडमधल्या अभ्यासकाला त्यांचे घर दिसते. दोन्हीकडच्या महाविद्यालयांनी जोडीने करण्याजोगा हा विषय आहे.

सीमेपलीकडचे निपाणी तंबाखूच्या वखारी आणि विड्या वळणाऱ्या स्त्रियांसाठी ओळखले जाते. वखारीतली तंबाखूची भुकटी नाका-तोंडात जाते, खोकला आणि चक्कर रोजची होते. १९८० च्या सुमारास या स्त्रियांनी संघटना उभारली. त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या स्त्रीवादी चित्रपटगटाने १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा मराठी माहितीपट कामगार स्त्रियांच्या सहभागाने केला. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज काँट्रॅक्टर हे त्या गटात होते. या भागातल्या स्त्रियांच्या श्रम आणि आरोग्यावर झालेल्या कलाकामाचा तो आद्य नमुना म्हणता येईल.

इचलकरंजीच्या यंत्रमागांवर बायका कांड्या भरतात. कापसाचा तंतू आणि मागांचा आवाज दिवसभर सोबत असतो. हुपरीत चांदीचे दागिने घरोघरी घडतात. डाक लावताना निघणारा धूर राहत्या खोलीतच साठतो आणि तिथेच मूल खेळत असते. घरी बसून केलेले काम कारखान्याच्या कायद्यात सहज बसत नाही, त्यामुळे त्याची पाहणीही होत नाही. पुरुषांच्या बाजूला शिरोलीतल्या ओतकाम कारखान्यांची सिलिका धूळ, गुऱ्हाळात चुलवाणात चिपाड घालणाऱ्याची धग आणि पाठीवर पंप घेऊन फवारणी करणाऱ्याची विषबाधा आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. हातमोजे, मुखपट्टी वापरणे म्हणजे भित्रेपणा, ही मर्दानगीची समजूतही लिंगभावाच्या अभ्यासातच मोडते. फवारणीचे कपडे धुणारी बाई मात्र दोन्ही हिशेबांतून सुटते.

पाळी आणि कचरा

पाळीच्या काळातली स्वच्छता हा विद्यार्थिनी अनेकदा निवडतात असा विषय आहे. बहुतेक प्रश्नावल्या ‘काय वापरता?’ इथे थांबतात. वापरलेले पॅड कुठे जाते, शाळेच्या शौचालयात पाणी असते का आणि तो कचरा कोण उचलतो, हे पुढचे प्रश्न. पुण्यात १९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाने कचरावेचक स्त्रिया आणि मुलांमध्ये काम सुरू केले. त्यातून १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. या संस्थेने वापरलेले पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली, म्हणजे वेचणाऱ्या बाईला पुडी न उघडता ओळखता येते. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही उत्पादकांनी पॅडसोबत गुंडाळी द्यावी असे म्हटले होते. विद्यापीठाच्या कामातून टिकाऊ संस्था उभी राहिल्याचे महाराष्ट्रातले हे ठळक उदाहरण, आणि त्यात संशोधनाचे फळ म्हणून एक साधी खूणही निघाली.

कलेची रूपे

चित्रकार अबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापुरात चित्रकलेला जुनी प्रतिष्ठा आहे. कलानिकेतन आणि दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट यांसारख्या संस्थांतून चित्रकार आणि कलाशिक्षक घडतात. शाळकरी मुले एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा देतात आणि महाविद्यालयीन मुले युवा महोत्सवात भित्तिचित्र, चिकटचित्र, व्यंगचित्र, मातीकाम, रांगोळी आणि मांडणशिल्प या प्रकारांत उतरतात.

पर्यावरण हा या स्पर्धांचा आवडता विषय, पण त्यातली प्रतिमा ठरून गेलेली असते. पृथ्वी म्हणजे रडणारी आई, एका अर्ध्यात हिरवे झाड आणि दुसऱ्या अर्ध्यात धुराडे. धरणी बाईच्या रूपात येते, प्रत्यक्ष धुरात बसलेली बाई येत नाही. निरीक्षणाची तालीम मिळालेल्या विद्यार्थ्याने ठरीव प्रतिमा सोडून चुलीपुढची बैठक, घागर उचलतानाचा कमरेचा बाक किंवा मोळीखालची मान रेखाटली, तर ते रेखाटन पाहणीला पुरावा म्हणून जोडता येते.

अशा कामाचे मोठे उदाहरण छत्तीसगडमधल्या कोंडागावात आहे. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेल्या नवज्योत अल्ताफ यांनी तिथल्या आदिवासी कलाकारांसोबत ‘नलपार’ हे हातपंपांभोवतीचे ओटे उभारले. भांडे डोक्यावर घेण्याआधी टेकवायला योग्य उंचीची जागा, सांडलेल्या पाण्याला वाट, बसायला कठडा आणि भिंतींवर शिल्पाकृती. पाणी भरणाऱ्या बायकांचे कष्ट आणि पंपाभोवतीची घाण कमी करणारी ही कलाकृती आहे. त्याचबरोबर बायका आणि मुलांना घडीभर थांबण्याची हक्काची जागाही तिने दिली.

चित्रकथेच्या माध्यमाचा रस्ता विद्यार्थ्यांनीच काढला. अदिती गुप्ता आणि तुहिन पॉल यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकताना पाळीविषयीचे अज्ञान हा अभ्यासविषय घेतला. त्यातून ‘मेन्स्ट्रुपीडिया’ ही चित्रकथा तयार झाली आणि पुढे अनेक भाषांत गेली. छायाचित्राच्या बाबतीत चीनमधल्या युन्नान प्रांतातला १९९० च्या दशकातला प्रयोग मार्गदर्शक ठरतो. कॅरोलाइन वांग आणि मेरी अॅन बरिस यांनी ६२ ग्रामीण स्त्रियांच्या हाती कॅमेरे दिले आणि त्यांनी टिपलेल्या छायाचित्रांवरून चर्चा घडवली. काय टिपायचे हे ठरवणारी व्यक्तीच तिथे बदलली होती. आज घरोघरी मोबाइल असताना ही पद्धत विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आहे.

मराठी बाईकडे स्वतःचे असे माध्यम पूर्वीपासून आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हॅ यांनी पुढाकार घेतलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमा झाल्या. दळण, पाणी, सासुरवास, आजारपण यांवरची ती साक्ष आहे. पथनाट्य लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना घोषणांपेक्षा या भाषेतून अधिक मिळेल.

पद्धत, नीती आणि उणिवा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, माणसांवरच्या आरोग्य संशोधनाला संमती आणि नैतिक समितीची मान्यता लागते. अठरा वर्षांखालील सहभागींच्या बाबतीत पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही हव्यात. पाळी, गर्भपात किंवा पांढरे पाणी यांविषयीचा प्रश्न सासू किंवा नवरा शेजारी असताना विचारला, तर उत्तर मिळते पण खरे मिळत नाही. मुलाखत घेणारी व्यक्ती, जागा आणि वेळ ही अशा पाहणीतली मोजमापाची साधनेच असतात. कलेलाही हीच नीती लागू आहे. ऊसतोड बाईचा चेहरा परवानगीशिवाय भित्तिचित्रावर आला, तर तिच्या अडचणीत भर पडते.

आजवरच्या विद्यार्थी कामात चार उणिवा पुन्हा पुन्हा दिसतात. पहिली, लिंगभाव म्हणजे स्त्रियांचा विषय असे समजून पुरुषांच्या धोक्यांची नोंद सुटते आणि तृतीयपंथी व्यक्ती तर प्रश्नावलीच्या रकान्यातच नसतात. दुसरी, सत्राच्या वेळापत्रकाने अभ्यास कापला जातो. पाणी उन्हाळ्यात आटते, ऊसतोड हिवाळ्यात चालते आणि पूर पावसाळ्यात येतो, तर प्रकल्प मात्र परीक्षेच्या तोंडावर होतो. तिसरी, दरवर्षी नवी तुकडी शून्यापासून सुरुवात करते. आधीचे अहवाल ग्रंथालयात बांधून ठेवलेले असतात, त्यातले आकडे पुढच्यांना मिळत नाहीत. चौथी, ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्याकडे निष्कर्ष परत जात नाहीत.

कळंब्यासारख्या ठिकाणी या उणिवा भरून काढणे तुलनेने सोपे आहे. तलावाकाठची ठरलेली चार-पाच ठिकाणे, नाल्याच्या काही जागा, तीसेक घरे आणि एक शाळा एवढे क्षेत्र कायम ठेवून पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा अशा तीन फेऱ्या दरवर्षी करता येतात. पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पाणी आणि धूर मोजावा, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी कामाचे तास आणि आजार नोंदवावेत, कलेच्या विद्यार्थ्यांनी बैठक, ओझे आणि जागा रेखाटाव्यात. नोंदी एकाच नमुन्यात ठेवल्या तर पाचव्या वर्षीच्या तुकडीला पाच वर्षांचा कल हाती येईल. निष्कर्ष मांडण्यासाठी ग्रामसभा, महिला ग्रामसभा आणि बचत गटाची बैठक ही व्यासपीठे गावात आहेतच. तिथे तक्त्यांनी भरलेला अहवाल वाचला जात नाही. काळी पडलेली बाटली, घराघरांतल्या कामाच्या तासांचे चित्र आणि चार चौकटींची चित्रकथा पाहिली जाते आणि त्यावर प्रश्न विचारले जातात. त्या प्रश्नांतून पुढच्या वर्षीच्या पाहणीचे मुद्दे ठरवता येतात.